खोल टोकाचा ठोका

“ऐकीव नाही हे. दोघा भावांतला धाकटा माझ्याच हाताखाली पाना धरायला शिकला,” गच्चीवर चटईवर टेकत तात्या म्हणाले. पुतण्यांनी मोबाइल पालथे ठेवले. “आणि मध्ये कुणी खिदळायचं नाही.”

मार्चमधला बुधवार, रात्रीचे सव्वाअकरा. पोहण्याच्या तलावाच्या रखवालदाराचा धाकट्याला फोन आला. पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय आणि सकाळी सहाला मुलांच्या शर्यती. धाकट्याने पिशवी उचलली. एरवी असल्या कामाला दोघे जायचे, तो आणि दादा. दादाला जाऊन सव्वा महिना झाला होता.

रखवालदार कुलूप काढून फाटकावर जाऊन बसला. पंपाची खोली तलावाच्या भिंतीमागे, अर्धी जमिनीखाली. दार उघडताच वास आला. कुजलेल्या फडक्याचा, वर क्लोरीन. धाकट्याच्या तोंडात पाणी जमलं, ओकारीआधी जमतं तसं.

या कामाची त्याला पहिल्यापासून किळस. पंपाच्या तोंडाशी एक डबा असतो. वर पारदर्शक झाकण, आत जाळीची टोपली. शंभर माणसांच्या अंगावरून जे जे सुटतं ते तिथे येऊन साचतं. तो डबा नेहमी दादा उपसायचा, उघड्या हाताने. वर केसांचा ओला पुंजका पिळून धाकट्याच्या पिशवीवर मिशीसारखा मांडायचा. “घे. तुला मिशी काही फुटत नाही, माझ्याकडून भेट!”

शेवटच्या खेपेला दादाचं बोट कापलेलं होतं.

“आज तू घाल हात.”

“मला नाही जमत रे दादा. मळमळतं.”

“बरं बाबा, राजकुमार.” आणि त्याने तसाच हात घातला. आधी बोट सुजलं. मग हात. नवव्या दिवशी...

तात्यांनी चटईची कड सरळ केली.

पंपाच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही. म्हणून दोघा भावांनी एक रीत पाडली होती. तलावातून पंपाकडे दोन पाइप येतात, एक काठच्या जाळीतून, एक तळाच्या. धाकटा आत एकेकाचा नळ बंद करायचा. दादा खोल टोकाला बसून पाण्यात बुडबुडे येतात का ते बघायचा आणि तिथल्या पाइपवर पाना मारायचा. एक ठोका म्हणजे बुडबुडे आहेत. दोन म्हणजे थांबले, म्हणजे बंद केलेलाच पाइप फुटका. आत पाइपवर तळवा ठेवला की ठोका हाताला कळायचा.

धाकट्याने काठच्या जाळीचा नळ बंद केला. तळवा पाइपवर ठेवला. सवयीने.

टक.

आहेत तर. तो नळ उघडला, तळाच्या जाळीचा बंद केला.

टक.

म्हणजे दोन्ही पाइप धडधाकट. हवा शिरतेय ती डब्याच्या झाकणातून...

आणि मग त्याने पाइपवरचा तळवा झटकन मागे घेतला.

बाहेर कोण होतं?

तो धावत वर आला. तलाव रिकामा. काठ कोरडा. खोल टोकाला नुसते बुडबुडे.

पळावंसं वाटलं. पण त्या डब्याला दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्याच्याने होईना. तो खाली उतरला. पंप बंद केला, तसं झाकणाच्या कडेने पाणी पाझरू लागलं. ठोके खरं बोलले होते. त्याने दोन्ही नळ बंद केले. झाकण फिरवलं.

हात घातला. उघडा.

कोमट. बुळबुळीत. बोटांना केसांचे वेढे. कुणाच्या तरी जखमेची पट्टी, भिजून पांढरीफटक. अर्धं झुरळ. नखांत शिरणारा मऊ मेणचट थर. तो कोपऱ्यात भडाभडा ओकला. परत आला. परत हात घातला.

झाकणाच्या रबरी कड्याखाली केसांची बट अडकली होती. हवा तिथूनच शिरत होती. ओढली. कडं पुसलं. झाकण आवळलं. सगळी घाण बादलीत, बादलीवर झाकण. नळ उघडले. पंप सुरू.

तळवा पाइपवर.

काही नाही.

काही नाही...

टक. टक.

“दादा!”

तो बादलीसकट धावला. पाणी स्वच्छ. एक बुडबुडा नाही. माणूस नाही. काठ कोरडा ठणठणीत.

फक्त दादा बसायचा त्या फरशीवर केसांची मिशी मांडलेली होती. ओली. दोन्ही टोकं नीट वर पिळलेली.

बादलीचं झाकण धाकट्याने तेव्हाही तळव्याने घट्ट दाबून धरलं होतं.