साहेबांची पेस्ट

"लहान मुलांची टूथपेस्ट आहे का? फार झोंबणारी नको," तिने औषधांच्या दुकानात विचारलं.

खोका काढता काढता दुकानदाराने सहज विचारलं, "केवढं आहे मूल?"

"अकरा वर्षांचा... म्हणजे कुत्रा आहे. साहेब म्हणतो आम्ही त्याला."

खोका परत फळीवर गेला. "मग ही नाही देता येणार."

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दातांबद्दल तिला कोणी शिकवावं, हे जरा लागलंच. तो मात्र शांतपणे सांगत राहिला, "आपण थुंकतो, तो सगळं गिळतो. फ्लोराइड पोटात जायला नको. गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असलं, तर थोडंसंही त्याच्या जिवावर बेतू शकतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट येते, कोंबडीच्या चवीची. उद्यापर्यंत मागवतो. ब्रश मऊ केसांचा घ्या."

कुत्रा तिच्या बाबांचा. ते गेल्यापासून घरात बोलायला तोच उरला होता. हल्ली तो एकाच बाजूने चावायचा. डॉक्टरांनी रोज दात घासायला सांगितलं, तेव्हा तिच्या मनात एकच आलं होतं. हाही गेला तर...?

पेस्ट आली. दोन दिवसांनी ती दुकानावरून जात होती, तर दुकानदाराने हाक मारून विचारलं, "घासू देतो का?" आणि तो उत्तरासाठी थांबला. कोणी असं थांबलं, त्याला कितीतरी दिवस झाले होते.

आठवड्याने तिने दुसरी ट्यूब नेली. मग तिसरी मागितली.

"वाटाण्याएवढी लावली तर एक ट्यूब दोन महिने पुरते," तो म्हणाला. "जास्त तर देत नाही ना त्याला?"

सांडली म्हणून सांगायचं, असं ती ठरवूनच आली होती. पण त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. खोटं बोलवेना.

"संपली नाही. दुसरी तर उघडलीसुद्धा नाही... इथे यायला दुसरं काही कारण सुचेना."

तो पिशवीचं तोंड दुमडत राहिला. एकदा, दोनदा, चारदा. कान लाल झाले होते.

"मी एकेकच मागवत होतो," तो हळूच म्हणाला. "एकदम सहा आणल्या असत्या, तर तुम्ही वर्षभर फिरकला नसता."

रविवारी दुपारी तो साहेबांचे दात बघायला तिच्या घरी आला. जमिनीवर मांडी घालून त्याने बोटावर पेस्ट घेतली, साहेबांचा ओठ अलगद वर केला. साहेबांनी आधी पेस्ट चाटली, मग बोट, मग मनगट. ती हसली... आणि स्वतःच्याच हसण्याच्या आवाजाने दचकली.

हात धुऊन तो म्हणाला, "निघतो." पण हलला नाही. "उद्या येऊ का?"

"दुकान?"

"आठला बंद करतो."

"मग जेवायलाच या," ती म्हणाली. "एकटीने जेवायचा कंटाळा आलाय मला... खूप."

"मलाही," तो म्हणाला, आणि निघायचं सोडून पुन्हा साहेबांजवळ खाली बसला.