पांढरा उद्या लावते

तीन दिवे विकत आणायला मी दुकानात गेले, तिथून हे सुरू झालं. एक लाल, एक हिरवा, एक पांढरा. दुकानदार म्हणाला, "आजी, बसवायला माणूस पाठवू का?"

"माणूस ठेव तुझ्याकडेच. मी इंजिन मांडीवर घेऊन उघडत होते तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते."

बढाई नव्हती ती. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी बघून, विचारून, हात भाजून घेऊन शिकले. नवरा पाण्यात गेला त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून धक्का ते समोरचं बेट अशी मोटारबोट मी एकटीनं चालवली, पण दिवसाउजेडी. आता बेटावरच्या दवाखान्याला रात्रीची बोट हवी होती आणि तिला रात्रीचा परवाना लागत होता. बोट माझी आणि दिराची मिळून. दीर तोंडावर बोलला, "वहिनी, परवाना काढलात तर चाक तुमच्या हातात. नाहीतर माझा पोरगा चालवेल, तुम्ही घरी बसा."

घरी बसा! मला!

शिकवायला बंदरावरचा एक मास्तर होता. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणत. वय माझ्या मुलाचं शोभेल असं, धाक मात्र सासऱ्याचा. पंधरा रात्री त्यानं मला पिळून काढलं. आधी जॅकेट, मग बोटीत पाय. इंजिन बंद करणारी दोरी मनगटात अडकवलेलीच हवी, म्हणजे आपण पाण्यात पडलो तर इंजिन थांबतं, नाहीतर आपलीच बोट फिरून आपल्या अंगावर येते. आतला दिवा विझवायचा, डोळ्यांना अंधार पचू द्यायचा. आणि मधेमधे इंजिन थांबवून ऐकायचं.

"डाव्या अंगाला?" तो अंधारातून ओरडायचा.

"लाल."

"उजव्या?"

"हिरवा. मागे पांढरा."

"समोर नुसता पांढरा दिसला तर?"

"बोट लांब चाललीय."

"लाल-हिरवा दोन्ही दिसले तर?"

"अंगावर येतेय. आपण उजवीकडे वळायचं."

खरं सांगते, साठी उलटल्यावर अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. दिवसभर घरातली कामं कधी उरकतात आणि काळोख कधी पडतो असं व्हायचं. पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आणि त्या काळ्या पसाऱ्यातून आपण आपल्या हातानं वाट काढतोय! तरणी असताना लग्नाच्या दिवशीसुद्धा इतकी उतावीळ नव्हते मी.

पण एक गोष्ट मी मास्तरला सांगितली नव्हती. कुणालाच नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या जुन्या बोटीचे दिवेही मीच बसवले होते. शहाणी ना मी! धक्क्यावर उभी राहून, बोटीच्या तोंडासमोर, ओणवी होऊन. माझ्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. माझ्या डाव्या हाताला! बोटीच्या नव्हे. वरून ताज्या तेलरंगाचा हात फिरवला. नवरा निघायच्या घाईत होता. म्हणाला, "मागचा राहिला की गं."

"पांढरा उद्या लावते," मी म्हणाले.

त्या रात्री समोरून येणाऱ्या मोठ्या बोटीनं त्याला धडक दिली. तिचे लोक शपथेवर सांगत होते, "आम्हाला नुसता हिरवा दिसला, म्हणजे तिची उजवी बाजू. ती आडवी जातेय असं समजून आम्ही तिच्या मागून जायला वळलो." सगळ्यांनी त्यांना खोटं पाडलं. ते खरं बोलत होते, हे एकट्या मला कळलं. नवरा सापडला नाही. बोट सापडली नाही. मीही तोंड उघडलं नाही.

परीक्षेची रात्र आली. या वेळी दिवे मी बोटीत बसून, पुढे तोंड करून लावले होते. मास्तरनं निघण्याआधी प्रत्येकाला हात लावून पाहिलं. धक्क्यावर पुतण्या उभा होता.

"काकू, चष्मा घेतलात ना?"

"घेतलाय. तुझं पडलेलं तोंड बघायला लागेल परत आल्यावर."

निघालो. बेताचा वेग, दोरी मनगटात. छातीत नुसता ढोल वाजत होता, आनंदाचा. निम्म्या वाटेवर मास्तर म्हणाला, "थांबा. ऐका." मी इंजिन बंद केलं.

पाणी बोटीला चाटत होतं. बाकी काही नाही. मग वास आला. ताज्या तेलरंगाचा.

"तुम्ही रंग लावलात का आज?" मास्तर हळूच म्हणाला.

"नाही..."

आणि समोर दोन दिवे दिसले. लाल आणि हिरवा. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. समोरून येणाऱ्या बोटीचा लाल आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. हा डाव्या हाताला होता.

"इंजिन चालू करा," मास्तर म्हणाला. "अंगावर येतेय ती. पण आवाज कसा नाही...?"

मी इंजिन चालू केलं आणि उजवीकडे वळले. नियमच तो. समोरचा लाल लपला. उरला हिरवा, आमच्या डाव्या बाजूला, भराभर मोठा होत.

"आडवी जातेय!" मास्तर ओरडला. "डावीकडे घ्या! तिच्या मागून काढा!"

"नाही."

"बाई, हिरवा दिसतोय! नापास करीन! डावीकडे!"

त्याचा हात चाकावर आला. मी तो झटकून टाकला. "दिवे उलटे आहेत तिचे," मी म्हणाले. "हात लावायचा नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लावलेत ते!"

बावीस वर्षं घशात अडकलेलं असं एका दमात बाहेर पडलं. चाक मी उजवीकडेच धरून ठेवलं.

ती आमच्या डाव्या अंगानं गेली. हात लांब केला असता तर लागली असती. लाट उठली नाही, आमची बोट हललीसुद्धा नाही. रंगाचा वास मात्र नाकातोंडात भरला. सुकाणूपाशी कुणी होतं का ते मी पाहिलं नाही. बघायचं धाडस मला झालं नाही, हे या वयात कबूल करते.

मागे वळून पाहिलं तर काळोख. मागचा दिवा तिला नव्हताच ना.

मास्तरनं शिट्टी मुठीत घट्ट धरली. मग म्हणाला, "डावीकडे घेतलं असतं तर..." बेटाला वळसा घालून मी बोट धक्क्याला लावली, एक ओरखडा न उठवता. त्यानं कंदिलाखाली कागदावर सही केली. 'पास' लिहिताना पेनानं कागद दोनदा फाटला.

पुतण्यानं माझ्या हातातून दोर घेतला, बोट बांधली आणि प्रथमच काही खवचट बोलला नाही. परवाना माझा, चाक माझं. आनंदानं मला झोप आली नाही. हो, आनंदानंच.

सकाळी तोच पळत आला. "काकू, हे कसले दिवे लावलेत? आणि उलटे?"

मी जाऊन पाहिलं. माझे नवेकोरे दिवे नव्हते. त्यांच्या जागी दोन जुने, मिठानं पांढरे पडलेले, काचांत शिंपले रुतलेले. डाव्या अंगाला हिरवा, उजव्या अंगाला लाल. पेच घट्ट, वरचा तेलरंग अजून ओला. मागची जागा रिकामी होती. पांढरा गेला होता.

मी पुतण्याला म्हणाले, "माझीच चूक." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असेन. पुन्हा दुकानात गेले, पुन्हा तीन दिवे आणले.

आता मी रोज रात्री दवाखान्याची फेरी करते. परत येऊन बोट बांधली की घटकाभर धक्क्यावर बसते. लांब, पाण्याच्या पार टोकाला, एक पांढरा दिवा दिसायचा. नुसता पांढरा. म्हणजे बोट लांब चाललीय. मला बरं वाटायचं. उशिरा का होईना, लागला एकदाचा.

काल तो दिसला नाही. बराच वेळ मी शोधत राहिले. मग दिसले लाल आणि हिरवा, दोन्ही. लाल माझ्या उजव्या हाताला, जिथं असायला हवा तिथंच.