दिवेलागणीचा आकडा

खुर्चीवर टेकण्याआधीच मालन सातपुतेनं विचारलं, "ती कशी आहे?"

डॉ. फरीदा मुजावर यांना या प्रश्नाची आता सवय झाली होती. कोल्हापूरच्या त्या संशोधन केंद्रात संधिवातासाठी येणाऱ्या बहुतेक बायका आधी तिचीच चौकशी करत. कुणी तिला जुळी म्हणे, कुणी थोरली बहीण, कागलची एक आजी तर सरळ सवत म्हणे. कागदोपत्री तिचं नाव होतं गणनजुळी.

पूर्वी नव्या औषधाची चाचणी घेताना निम्म्या रुग्णांना खरं औषध देत आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन गटांत पडलेला फरक म्हणजे औषधाचा गुण. पण पाणी ज्यांच्या वाट्याला येई त्यांचे सांधे तोवर झिजत राहत. आता प्रत्येकीला औषधच मिळे, आणि औषधाविना राहण्याचं काम संगणकात घडवलेली तिची प्रतिकृती करी. इंजेक्शन सुरू होण्याआधीचे काही आठवडे रुग्णाचं रक्त, सांध्यांची चित्रं, बोटातल्या अंगठीनं टिपलेली नाडी आणि झोप, आणि रोज संध्याकाळी तिनं स्वतः सांगितलेलं दुखणं असं सगळं घालून ही जुळी तयार होई. त्यानंतर दोघींच्या वाटा वेगळ्या.

मालनला हे पहिल्याच भेटीत समजलं होतं, तरी मन मानत नव्हतं. आपल्यासाठी कुणीतरी कुठंतरी सोसतंय, हे तिच्या डोक्यातून जाईना. दिवाळीत तिनं डॉक्टरांना बेसनलाडवांचा डबा दिला, तेव्हाही सांगितलं होतं, "तिच्या वाटणीचे तुम्ही खा."

मालन इचलकरंजीत ब्लाउज शिवायची. आजार सुरू झाला तशी आधी कात्री गेली. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तिच्याच सांध्यांच्या अस्तराला परकं समजून त्यावर तुटून पडत होत्या, आणि हे इंजेक्शन त्या पेशींना आपलं काय आणि परकं काय, याचा विसरलेला धडा पुन्हा शिकवत होतं. दोन वर्षं कापड बेतायला ती शेजारणीच्या हातापाया पडत होती. गेल्या महिन्यात मात्र तिनं स्वतः अस्तराचं कापड कापलं, आणि कापून झाल्यावर उगाचच कात्री हवेत दोनदा चालवून पाहिली. आज डॉक्टरांना ती हेच सांगायला आली होती.

"ती बरी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तोच घोळ आहे, मालनताई."

त्यांनी पडद्यावर दुखण्याच्या दोन रेघा दाखवल्या. एक मालनची, एक जुळीची. दोन्ही इतक्या जवळून चालल्या होत्या की ब्लाउजच्या दुहेरी शिवणीसारख्या वाटाव्यात. मालनचं दुखणं औषधाआधी तीन होतं, आता दोन. जुळीचं औषधाविना तीन. रक्तातला फरक मोठा होता. मालनच्या सांध्यांची सूज उतरली होती आणि जुळीची वाढत होती. पण नुसतं रक्त सुधारून बाईच्या जगण्यात फरक पडत नसेल, तर जंतुसंसर्गाचा धोका असलेलं औषध तिला का टोचायचं? देखरेख समितीनं हाच प्रश्न विचारला होता. पुढच्या आठवड्यात बैठक होती. इथलं काम बहुधा थांबणार होतं, म्हणजे मालनचं इंजेक्शनही.

"बाकीच्या देशांत चांगला गुण आलाय," डॉक्टर सांगत होत्या, जणू स्वतःलाच. "फक्त इथंच नाही. इथल्या सगळ्या जुळ्या तीन, फार तर चार. सांधे सुजलेत, हाडं खाल्ली गेलीत, आणि दुखत नाही. या भागातल्या बायकांत एखादं वेगळं जनुक असावं असा आमचा कयास आहे. त्याचाच शोध घेतोय."

मालननं उजवी मूठ मिटून पाहिली. मिटली. मग जे बदललं ते काय होतं? कात्री चालली ती औषधानं की नुसत्या आशेनं? एवढी शिकलेली माणसं म्हणतात फरक नाही, म्हणजे नसेलही. पण मूठ तर मिटत होती.

"मला ती बघायला मिळेल?" तिनं विचारलं.

तशी मनाई नव्हती, पण कुणाला दाखवत नसत. आपलं न झालेलं भविष्य बघून माणसं खचतात, असा अनुभव होता. डॉक्टर थोडा वेळ घुटमळल्या. पण त्या स्वतःच इतक्या गोंधळल्या होत्या की कुणीतरी सोबतीनं पाहावं असं त्यांनाही वाटत असावं. त्यांनी पडदा बदलला.

दोन हात दिसले. मालननं ते लगेच ओळखले. मनगटावरचा इस्त्रीनं भाजल्याचा डागसुद्धा होता. बोटं करंगळीच्या दिशेला कलली होती आणि पेरांवर सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. अंगठा आत वळून राहिला होता. या हातांना सुईत दोरा ओवता येणार नाही, परकराची नाडी बांधता येणार नाही, हे तिला न विचारताच कळलं.

डॉक्टरांनी रोजचा प्रश्न लावला. "आज वेदना किती? शून्य ते दहा."

उत्तर आलं ते मालनच्याच आवाजात. "तीन. चालायचंच."

मालन त्या हातांकडं बघत होती आणि तिचे स्वतःचे हात नकळत पदराखाली गेले होते.

"ती खोटं बोलतीय," ती म्हणाली.

"ती खोटं बोलू शकत नाही, मालनताई. ती म्हणजे नुसती आकडेमोड आहे."

"माझ्यावरून बेतलीय ना? मग बोलणार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग मालननं अडखळत, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत सांगितलं. केंद्रानं दिलेली प्रश्न विचारणारी डबी तिच्या घरी देव्हाऱ्याशेजारी असते, कारण मोकळं सॉकेट तिथंच आहे. ती विचारते संध्याकाळी सातला. त्याच वेळी सासूबाई दिवा लावतात. तिन्हीसांजेला घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे मालन परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ऐकत आलेली. दिव्यासमोर उभं राहून आठ म्हणायचं म्हणजे आठ मागून घेतल्यासारखंच. आणि दहा तर बाळंतपणासाठी राखलेलं, नाहीतर मरणासाठी. शून्य म्हणावं तर इंजेक्शन मिळणार नाही. म्हणून तीन. वेटिंगरूममधल्या बाकीच्या जणीही तीनच म्हणायच्या. त्यावरून त्यांच्यात हसणंही व्हायचं.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"वेळ मीच ठरवली होती," त्या म्हणाल्या. "सातला सगळ्या घरी असतात म्हणून. आमच्याकडंसुद्धा संध्याकाळी मगरिबच्या नमाजावेळी अम्मी वाईट बोलू देत नाही. मला सुचलंच नाही."

मालनला वाटलं, आता सुटलं. आकडा बदलायचा, झालं. पण डॉक्टर मान हलवत होत्या. मागचे आकडे बदलता येत नाहीत. आणि नियमाचं सोडलं तरी एक शंका उरतेच. आज हात हलके झालेत, म्हणून कालचं दुखणं आठवणीत मोठं झालं नसेल कशावरून? माणसाची आठवण अशी करते. मालननं आठवायचा प्रयत्न केला. सकाळी ताठलेली बोटं, कोमट पाण्याची बादली, दरवाजाच्या कडीशी चाललेली झटापट. हे सगळं आठवत होतं. पण त्याचा आकडा आठवत नव्हता, कारण तो तिनं कधी काढलाच नव्हता. कापडाचं माप ती नुसत्या नजरेनं सांगायची. या मापाची टेप मात्र तिच्याकडं नव्हती.

एक मार्ग होता. तो सांगताना डॉक्टर तिच्याकडं बघत नव्हत्या. काही जणींनी इंजेक्शन थांबवायचं. आजार परत येऊ द्यायचा. आणि त्याच डबीला, त्याच वेळी, या खेपेला खरं सांगायचं. वेळ बदलली तर समिती म्हणेल की फरक वेळेचा आहे. आकडे वर गेले तर जुळ्या नव्यानं बांधता येतील आणि काम चालू राहील. तसं झालं नाही तर इंजेक्शन पुन्हा मिळेल याची हमी नाही. आणि मधल्या काळात वाकलेलं बोट औषध परत मिळालं तरी सरळ होईलच असं नाही.

"हो म्हणा, असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

म्हणजे मीच आता ती व्हायचं, एवढं मालनला कळलं. तिनं पडद्याकडं पाहिलं. ते हात तसेच होते, वाट बघितल्यासारखे.

घरी तिनं नवऱ्याला अर्धंच सांगितलं. काही दिवस औषधाला सुट्टी आहे, असं. प्रल्हाद यंत्रमागाच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करायचा. कमी बोलायचा. "बरं," म्हणून तो जेवायला बसला. सासूबाईंनी मात्र तिच्या चेहऱ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही, आणि मालन आणखीच गोंधळली. खरंच औषधाचा गुण नव्हता की काय? रोज सातला ती प्रामाणिकपणे दोन म्हणत राहिली. मग एका सकाळी चहाचं पातेलं उचलताना मनगटात काहीतरी चमकलं. त्यानंतर आजार ओळखीच्या माणसासारखा घरात शिरला, विचारल्याशिवाय. तिच्या तोंडून चार निघालं, काही दिवसांनी पाच. पाच म्हणताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. सासूबाई दिव्याकडं तोंड करूनच पुटपुटल्या, "शुभ बोल गं बाई." कात्री पुन्हा खणात गेली. शेजारीण कापड बेतायला यायला लागली. येताना विचारायची, "काय गं, तू बरी झाली होतीस ना?"

समितीनं निर्णय पुढं ढकलला होता. बाकीच्या जणींचं काय चाललंय ते मालनला माहीत नव्हतं. आपसात बोलायचं नाही, अशी आता सक्त ताकीद होती.

मग एका संध्याकाळी तिला भाकरीचं पीठ मळता आलं नाही. परातीत हात ठेवून ती नुसती उभी राहिली होती. प्रल्हादनं टीव्ही लावला होता. सासूबाईंनी समईत तेल घातलं आणि नेहमीसारखी काडी ओढली. काडी त्या चिमटीत धरत नसत. दोन्ही हातांच्या वाकड्या बोटांच्या मध्ये अडकवून ओढत. मालन लग्न होऊन आली तेव्हापासून हे बघत होती. त्यांची ती तऱ्हाच, असं घरात सगळे समजत.

डबीवर हिरवा ठिपका उमटला. "आज वेदना किती? शून्य ते दहा."

मालननं तोंड उघडलं आणि तीन जिभेवर आलं. इतक्या महिन्यांच्या सवयीनं ते सर्वांत आधी येई. कोल्हापुरातल्या पडद्यामागं याच क्षणी तिचाच आवाज तीन म्हणत असणार होता.

"आठ," ती म्हणाली. मग स्वतःचा आवाज ऐकून थांबली. "नाही. नऊ."

"नऊ. नोंद झाली," डबी म्हणाली.

प्रल्हादनं टीव्ही बंद केला. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला आणि परातीतल्या तिच्या हातांकडं पाहत राहिला.

"नऊ?" त्यानं विचारलं. "मग मागं रोज तीन तीन म्हणायचीस, तेव्हा किती होतं गं?"

मालन लपवत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. तेव्हाही नऊ असेल. कमीही असेल. ज्याला कधी मोजलंच नाही, ते आता कुठून आणायचं?

समई लागली होती, तरी सासूबाई अजून देव्हाऱ्यासमोरच उभ्या होत्या. काडी जळत बोटांपर्यंत आली, तेव्हा त्यांनी ती फुंकली. वास्तुपुरुषाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. स्वतःची वाकडी बोटं चोळत त्या डबीकडं बघत होत्या.

"मालन," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यात दहाच्या पुढं काय नसतंय व्हय?"