अक्षतचा एकच धड फोटो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडा. मला कुणाला काही पटवायचं नाही. पण हे खरं आहे. चेन्नईत, अड्यारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, गेल्या चैत्रात घडलंय.

आणि रात्री-बित्री नाही हं. भर दुपारी.

माझ्या नवऱ्याला, अक्षतला, जुने रोलचे कॅमेरे घ्यायचं वेड. पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारात भंगाराच्या ढिगातून छोटे ऑटोमॅटिक कॅमेरे उचलून आणायचा.

"कुणाकुणाच्या घरातलं काय काय आणतोस रे!" मी करवादायचे.

"स्वस्त आहे ना? मग झालं," म्हणून दात काढायचा.

फोटो मात्र सगळे माझे. तो कायम कॅमेऱ्यामागे. सेल्फीचं नाव काढलं की तोंड वाकडं. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मान खाली नाहीतर डोळे मिटलेले.

माघात अंबत्तूरहून घरी येताना बाईकच्या अपघातात तो गेला.

भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो सापडेना. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. सासूबाई बघत राहिल्या.

"शर्मिष्ठा, हा माझा अक्षत नाही गं. मला त्याचा चेहरा पाहिजे."

"बघते," मी म्हटलं. मला रडूसुद्धा येत नव्हतं. कानात पाणी गेल्यावर होतं तसं, सगळं लांबून ऐकू यायचं.

कपाटात त्याने शेवटचा घेतलेला कॅमेरा होता. आत रोल, निम्मा वापरलेला. त्यात असेल एखादा त्याचा फोटो, असं वाटलं. पण लॅबपर्यंत जायचं त्राण नव्हतं.

एका दुपारी सासूबाई आत झोपल्या होत्या. मी हॉलमध्ये खुर्चीत. आणि कपाटातून...

कट्... झूंऽऽ.

फोटो काढल्यावर रोल पुढे सरकतो ना, तो आवाज.

मी उठले. कॅमेऱ्याची सेलची झडप उघडली...

आत सेल नव्हते. अक्षत ते नेहमी काढूनच ठेवायचा.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी चहा टाकला.

मग रोजच दुपारी. कधी कपाटातून... कधी स्वयंपाकघराच्या दारातून... एकदा अगदी कानाशी.

जाऊन बघावं तर कॅमेरा जागच्या जागी.

शेवटी लॅबमध्ये गेले. तिथल्या मुरलीने सेल घातले, आणि रोल आपोआप मागे गुंडाळला गेला.

"निम्माच झालाय तो," मी म्हटलं.

"इल्लै मॅडम. पूर्ण संपलाय."

दोन दिवसांनी त्याने फोटो काउंटरवर मांडले. कोवलमच्या होड्या. मी. परत मी.

मग... कोपऱ्यातला कणकेचा दिवा.

तो दिवा आम्ही अक्षत गेल्यावर लावला होता.

पुढे मी खुर्चीत. मी चहा टाकताना. मी डोळे मिटून बसलेली, अगदी जवळून.

अरे वेड्या, अजून माझेच काढतोयस?

मला हसू आलं. आणि मग, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, रडू फुटलं. तिथेच, काउंटरवर डोकं ठेवून. बरं वाटलं हो. खरंच खूप बरं वाटलं.

"मॅडम, शेवटचा राहिला," मुरली म्हणाला.

मी झोपलेली. आणि माझ्यापुढे... अक्षत.

दोन्ही हात पसरून उभा. रस्त्यात कुत्रं अंगावर आलं की मला मागे घालून उभा राहायचा, तसा. डोळे थेट कॅमेऱ्यावर.

म्हणजे फोटो तो काढत नव्हता.

कॅमेरा मी तिथेच टाकून आले. दुपारची आता झोपत नाही. आवाज येत नाही अजून तरी.

तो फोटो कापून फक्त अक्षतचा चेहरा मोठा करून घेतला. दुसरा होता कुठे? सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला. पदराने डोळे पुसले.

"हा बघ माझा अक्षत! कसा रोखून बघतोय. कुणी काढला गं?"

"मीच," मी म्हटलं.