चाळीस बाटल्या

"माझ्या मुलीचं औषध कुणीतरी पळवलं," ती बाई दारातूनच म्हणाली आणि मग बसायला जागा शोधू लागली.

शोधबाईंनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून थोरल्या भावाच्या मांडीवर ठेवली. विमा कचेरीत तीस वर्षं खोटे दावे पकडल्यावर निवृत्तीत त्या अशी खाजगी कामं घेत. भाऊ चित्रकलेचे मास्तर होते. त्यांची नजर पक्की, पण दिसलेल्याचा अर्थ लावायला वेळ लागे.

आलेल्या बाई रुग्णमंडळाच्या अध्यक्षा होत्या. मुलगी पंचवीस वर्षांची. आजार स्नायू आटवणारा, बोटांपासून सुरू होणारा. दहा वर्षं पत्रकं वाटून आणि कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून अध्यक्षबाईंनी हा आजार लोकांच्या कानावर घातला, तेव्हा कुठे एक कंपनी नव्या औषधाची चाचणी घ्यायला राजी झाली. चाळीस रुग्ण. वीस जणांना खरी गोळी, वीस जणांना हुबेहूब तशीच, पण बिनऔषधाची. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

"वर्ष संपलं. कंपनी म्हणते, दोन्ही गटांत काडीचा फरक नाही. औषध निकामी! मग यादी उघडली. माझ्या मुलीला खरी गोळी होती. पण रक्तात औषध निम्मंच निघालं. आणि ज्यांना बिनऔषधाची होती, त्यांच्या रक्तातही तेवढंच."

"सगळ्यांच्या?"

"चाळीसच्या चाळीस. इस्पितळाच्या स्टोअरकीपरनं घोळ घातला, दुसरं काय! उद्या चौकशी समिती बसतेय. दोष इस्पितळाचा ठरला तर चाचणी पुन्हा घेऊ, असं कंपनीनं लिहून दिलंय. पहिले काही महिने पोरगी स्वतःची बटणं लावायला लागली होती हो!"

मास्तरांना गलबलून आलं. शोधबाई नुसत्या म्हणाल्या, "दादा, चपला घाल."

स्टोअरकीपर घरीच होता. त्याला निलंबित केलं होतं.

"बाटल्या सीलबंद यायच्या, नंबर घातलेल्या. मी मोजून सिस्टरच्या हवाली करायचो. बावीस वर्षं झाली, बाई. गोळ्या खायचा शौक मला कधीच नव्हता."

"सील कोण फोडायचं?"

"ज्याची बाटली त्यानं. घरी जाऊन."

सिस्टर वॉर्डातच भेटली. "माझ्या हातून बाटली जाताना सील शाबूत असायचं. लिहून घ्या."

"रुग्ण त्रास द्यायचे?"

"पहिल्या महिन्यात नुसता जीव खाल्ला. माझी खरी आहे का, वास घेऊन सांगा! दुसऱ्या महिन्यापासून एकानंही विचारलं नाही. शहाणे झाले बिचारे."

"बाटल्या वाटल्या जायच्या तेव्हा अध्यक्षबाई कुठे असायच्या?"

"त्या डॉक्टरांशी तासभर बोलत बसायच्या. बाकी मंडळी बाटल्या घेऊन थेट मंडळाच्या हॉलवर."

हॉलमध्ये चाकाची खुर्ची एकच होती. ती कोणी कोणत्या दिवशी न्यायची, याचा तक्ता भिंतीवर लावला होता. अध्यक्षबाईंची मुलगी टेबलाशी बसली होती. शेजारी शिंपीकाका, मंडळातले सर्वांत जुने रुग्ण.

मास्तरांची नजर फळीवरच्या भल्यामोठ्या पातेल्यावर गेली. "स्वयंपाकही करता वाटतं इथे?"

"छे हो! चहासुद्धा समोरच्या हॉटेलातून येतो," शिंपीकाका म्हणाले.

मास्तरांनी पातेल्यात डोकावलं. कडेला पांढरी पूड चिकटली होती. "पीठ दिसतंय," ते पुटपुटले.

शोधबाईंनी बोटानं पूड पुसून पाहिली आणि अध्यक्षबाईंना फोन करून बोलावून घेतलं.

"बाटल्यांची अदलाबदल झाली असती," सगळे बसल्यावर शोधबाई म्हणाल्या, "तर काहींच्या रक्तात औषध पुरतं असतं आणि काहींच्या अजिबात नसतं. पण निघालं सगळ्यांच्या निम्मं. म्हणजे गोळ्या बदलल्या नाहीत, मिसळल्या. मिसळायला सील फोडावं लागतं, आणि ते रुग्णाच्या हाती पडेपर्यंत शाबूत होतं. त्यानंतर चाळीस बाटल्या एकत्र येत होत्या त्या फक्त या हॉलमध्ये. अध्यक्षबाई यायच्या आधीच्या तासाभरात."

"पण बाळे, कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"दुसऱ्या महिन्यापासून कुणीच विचारेना, माझी गोळी खरी का? कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि जिथे चूल नाही तिथे पातेलं कशाला, दादा? ते पीठ नव्हे."

शिंपीकाकांनी मान खाली घातली. "ओतायचो, ढवळायचो, तीस तीस मोजून परत भरायचो. वीस जणांनी वर्षभर नुसता खडू खायचा? आपल्याच माणसांनी?"

"सुचवलं मी," मुलगी म्हणाली. "आई, तूच सांगतेस ना, एकाला मिळेल ते सगळ्यांना."

"मला का नाही बोललीस?"

"तू थांबवलं असतंस."

"सगळ्यांना सारखंच मिळालं," शोधबाई हळू म्हणाल्या, "मग दोन गटांत फरक दिसणार कुठून?"

अध्यक्षबाईंनी त्यांचे हात धरले. "हे इथंच राहू द्या. रुग्णांनीच चाचणी मोडली म्हटल्यावर कंपनी पुन्हा फिरकायची नाही. कुठलीच कंपनी यायची नाही. स्टोअरकीपर धडधाकट आहे, त्याला दुसरी नोकरी मिळेल!"

"चोर म्हणून काढलेल्याला?"

मुलगीच म्हणाली, "आई, कागद घे. समितीला खरं काय ते लिहायचंय. मला पेन धरवत नाही."

"हे लिहिलं की सगळं संपलं गं."

"हो. तू लिही."

अध्यक्षबाईंनी कागद पुढे ओढला, टोपण काढलं आणि शोधबाईंकडे पाहिलं.

"निम्म्या औषधावर हिनं बटणं लावली. पूर्ण मिळालं असतं तर?"

मास्तरांनीही बहिणीकडे पाहिलं.

"ते आता कुणालाच कळायचं नाही," शोधबाई म्हणाल्या.

मुलगी सावकाश मजकूर सांगू लागली, आणि आई लिहू लागली.