न मिटलेल्या पानांचा माग

“तंजावूरच्या इतिहासात कालचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल,” मैदानाच्या फाटकापाशी खुर्चीवर उभे राहून सामन्याचे संयोजक वेंकटराव म्हणाले.

काल घडले होते ते एवढेच, की कोल्हापूरहून आलेला फुटबॉल संघ आणि तंजावूरचा संघ यांचा सामना शून्य-शून्य असा सुटला होता. त्यातही बराच वेळ खेळाडू कमरेवर हात ठेवून नुसते उभे होते. चेंडू किल्ल्याच्या खंदकात पडला होता आणि खंदकात कोणी उतरायचे, यावर संयोजन समितीत एकमत होत नव्हते. सुवर्णाक्षरे लिहिणाऱ्याला फारसे काम पडले नसते.

“आणि आता पाहुणे खेळाडू पहाटेच्या गाडीने परत गेले आहेत,” वेंकटराव पुढे म्हणाले. “सह्या मिळणार नाहीत. घरी जा.”

हे त्यांनी आधी तमिळमध्ये सांगितले, मग आपल्या माणसांसाठी मराठीत, मग थंड पेयाच्या कंपनीतून आलेल्या साहेबांसाठी इंग्रजीत. तिन्ही भाषांत खेळाडू गेलेलेच होते.

गर्दी पांगली. कीर्तना मात्र दुपार झाली तरी फाटकाला टेकून उभीच राहिली. तिच्या हातात शाळेच्या क्रिकेट संघाने टाकून दिलेले यष्टिरक्षकाचे हातमोजे होते. ती बारा वर्षांची होती आणि गल्लीच्या फुटबॉलमध्ये गोलकीपर होती. मुलीला फार धावावे लागू नये म्हणून मुलांनी तिला गोलमध्ये उभे केले होते. वर्षभरात झाले असे, की गोल होईनासे झाले आणि मुले आता ‘तू पुढे खेळ गं’ म्हणून तिच्या विनवण्या करत होती. पण ती गोल सोडायला तयार नव्हती.

काल ती दोरीला लागून बसली होती, थेट पाहुण्यांच्या गोलमागे. कोल्हापूरचा गोलकीपर रंगराव चौगुले हवेत आडवा झाला, चेंडू पोटाशी धरून धुळीत पडला, उठला आणि चेंडूलाच म्हणाला, “कुठं चाललास रं?”

मराठीत!

महाराष्ट्रातल्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही. पण कीर्तनाच्या लेखी मराठी ही घरात बोलायची भाषा होती. मराठीत आई रागवायची, मराठीत देवाला नैवेद्य दाखवला जायचा. उंबरा ओलांडला की तमिळ. मैदानावर, धुळीने माखलेला, एवढा मोठा माणूस मराठी बोलतो, हे तिने आयुष्यात प्रथमच ऐकले होते. रात्रभर तिला ते वाक्य आठवत होते. त्या माणसाची सही हातमोज्यावर हवी होती. आणि एक प्रश्न विचारायचा होता, ज्याचे उत्तर गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते: पेनल्टीच्या वेळी गोलकीपरने चेंडूकडे पाहायचे, की मारणाऱ्याच्या पायाकडे?

“चल, अक्का,” श्रीहर्ष म्हणाला. हा वेंकटरावांचा मुलगा, तिचा चुलतभाऊ. एका वर्षाने लहान, पण मते आजोबांच्या वयाची. “सगळ्या संघाच्या सह्या घ्यायच्या म्हणून मी नवी वही आणली. आता तीत गणित लिहावे लागेल. माझे दुःख पाहा, मग तुझे रड.”

“मी रडत नाही.”

“मग नाक का ओढतेस?”

“धूळ आहे.”

त्यांच्याबरोबर शेजारची विनुता होती. दहा वर्षांची विनुता बोलायची कमी, पण गावातल्या एकाही लग्नाचे जेवण तिने चुकवले नव्हते. बोलावणे असो वा नसो. तिघे कल्याण मंडपम म्हणजे लग्नाच्या कार्यालयामागच्या बोळातून घराकडे निघाली. तिथे दोन गाई केळीच्या पानांच्या ढिगात तोंड घालून उभ्या होत्या.

विनुता थांबली.

“आज लग्न नाही,” ती म्हणाली.

“मग काय झाले?” श्रीहर्षने विचारले.

“मग पाने कोठून आली?”

“असेल कोणाचे बारसे. तुजला बोलावले नाही म्हणून दुःख होते काय?”

विनुता गाईंच्या मधून वाकून पाहू लागली. “अक्का, हे पाहा. एकही पान मिटलेले नाही.”

कीर्तना जवळ गेली. खरेच. तंजावुरात जेवण झाले की पान आपल्या बाजूला दुमडून मिटायचे, ही गोष्ट मूल चालायच्या आधी शिकते. पान उघडे टाकून उठणे म्हणजे चप्पल घालून देवघरात जाणे. इथे मात्र पानेच्या पाने पसरलेली होती, रसमाचे ओघळ वाहिलेले, आणि भाताचे ढीग तसेच.

“गाईंनी उघडली असतील,” श्रीहर्ष म्हणाला.

“गाय पान खाते. उघडून वाचत नाही,” विनुता म्हणाली.

कीर्तना हळूच म्हणाली, “ज्यांना पान मिटणे ठाऊक नाही, असे लोक येथे जेवले. एवढे सगळे. आजच.” तिने मान वर केली. मंडपमच्या गच्चीवरच्या तारेवर एक पिवळाधमक टॉवेल वाळत होता. काल सामना संपल्यावर तो रंगराव चौगुलेच्या गळ्यात होता.

ती धावली. भिंतीत वर एक गजांची खिडकी होती. तिच्याखाली उभी राहून तिने हाक मारली, “कोणी आहे काय?”

आत खुर्च्या सरकल्या आणि खिडकीत खुद्द रंगराव चौगुलेचा चेहरा आला.

रात्रभर घोकलेले सगळे कीर्तनाच्या डोक्यातून उडाले. प्रश्न गेला, सही गेली. दारी आलेल्याला घरात जे पहिल्यांदा विचारतात, तेच तिच्या तोंडून निघाले. “तुम्ही जेवलांत काय?”

“जेवलो की. पर आता भाईर कोन काढनार?” रंगराव म्हणाला. मग त्याने डोळे बारीक केले. “थांब. तू मराठी बोलतीस?”

“आम्ही येथे पूर्वीपासून मराठीच बोलतो.”

“बोलतीस खरं, पर माझ्या पणजीवानी.”

“तुम्हीच मोडके बोलता,” कीर्तना म्हणाली, आणि मग आपण कोणाला काय म्हणालो हे कळून तिचे कान तापले.

रंगराव हसत सुटला. हसता हसता त्याने हकीकत सांगितली. सकाळी वेंकटराव आले. बाहेर पोरांची गर्दी फार, तुम्ही निवांत विश्रांती घ्या, म्हणाले. पुढचे दार बाहेरून बंद. जेवणे झाल्यावर पाने बाहेर टाकून आचाऱ्यानेही मागच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली वेंकटरावांकडे दिली. “तवापास्नं आमी वरडतोय. एक म्हातारबा आले, डोळे मिटून ऐकलं, हात जोडले आन गेले. भजन चाललंय वाटलं आसंल. आन गाडी चारची हाय!”

“चारची?” श्रीहर्ष दचकला. “अप्पा तर काल जेवताना आईस म्हणाले, उद्या रात्रीच्या गाडीवर सोडणार.”

“सकाळी तिकिटं दावून सांगितलं त्यांना. व्हय व्हय म्हनले.”

“अप्पा सगळ्यांनाच होय म्हणतात,” श्रीहर्ष खिन्नपणे म्हणाला. “ऐकतात असे नाही.” आणि लगेच त्याने वही उघडली. “एवढ्यात सह्या होऊन जातील. मी वही वर फेकतो. सगळ्यांनी एकेका पानावर—”

कीर्तनाने हातमोजा काढला होता. रंगरावने गजांतून हातही बाहेर काढला होता. नेम धरून फेकायचा, एवढेच. पण त्या हातामागे आणखी खूप हात दिसत होते, श्रीहर्षची वही जाडजूड होती, आणि वेंकटराव या वेळी घरी झोपलेले असणार. ते चारच्या कॉफीपर्यंत उठत नसत.

तिने हातमोजा कमरेला खोचला. “आधी किल्ली,” ती म्हणाली. हे म्हणताना तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

वेंकटराव ओसरीवर झोपले होते. किल्ल्या वेष्टीच्या म्हणजे धोतराच्या कनवटीला, आणि कनवट पोटाखाली. त्यांची दुपारची झोप मोडायची नाही, असा घराचा कायदा होता. एकदा शेजारच्या माडाचा नारळ छपरावर पडला, तेव्हा घरच्यांनी नारळालाच दटावले होते.

“उठवले तरी म्हणतील, खेळाडू पहाटेच गेले. आणि पुन्हा झोपतील,” श्रीहर्ष कुजबुजला. “अप्पा एकदा बोलले, की त्यांना स्वतःला ते खरे वाटते.”

“मग आपण नाही उठवायचे,” कीर्तना म्हणाली. “कॉफीने उठवायचे.”

स्वयंपाकघरात श्रीहर्षची आई, भामाकाकू, होती. मुलांनी तिला सगळे सांगितले. मग तिने फिल्टरमधला अर्क दुधात ओतला, पेला आणि खोलगट वाटीसारखा डबरा विनुताच्या हाती दिला आणि म्हणाली, “मी झोपले आहे. मी काही पाहिले नाही.”

विनुता वेंकटरावांच्या डोक्याशी उभी राहिली. पेला उंच धरून तिने कॉफीची लांबलचक धार डबऱ्यात सोडली. मग डबऱ्यातून पेल्यात. पुन्हा पेल्यातून डबऱ्यात. फेस चढला, वास पसरला.

वेंकटराव डोळे न उघडता उठून बसले. “चार वाजले?”

“चारची गाडी कधीच हलली असेल, काका,” कीर्तना भिंतीकडे पाहत म्हणाली. “बरे झाले, खेळाडू पहाटेच गेले. नाहीतर आज चुकलीच असती.”

वेंकटरावांचे डोळे उघडले. सकाळी आपल्या नाकासमोर नाचवलेली तिकिटे त्यांना आता दिसली असावीत. कॉफीला हात न लावता माणूस घराबाहेर पडल्याचे त्या घरात पूर्वी कोणी पाहिले नव्हते. वेष्टी सावरत ते असे धावले, की काल त्यांना संघात घेतले असते तर सामना शून्य-शून्य सुटला नसता.

कॉफी विनुताने प्यायली.

दार उघडले तेव्हा तीन वाजून गेले होते. मिळतील त्या रिक्षांत खेळाडू कोंबून सारी वरात स्टेशनावर पोचली. पण पहाटे गेलेले खेळाडू दुपारी रिक्षांतून जाताना दिसले, तर गाव काय गप्प बसते? फलाटावर ही झुंबड उडाली. वह्या, टोप्या, शर्टांच्या पाठी, एकाने तर गाडीचे तिकीटच पुढे केले. श्रीहर्षची वही हातोहात फिरू लागली. कीर्तना गर्दीच्या कडेला उड्या मारत होती. तिला रंगरावचे फक्त केस दिसत होते.

शिट्टी झाली. खेळाडू डब्यात चढले.

तेवढ्यात वेंकटरावांनी तिला दोन्ही खांदे धरून बाकावर उभे केले. “आज या मुलांनी तंजावूरची अब्रू राखली!” ते गरजले. “भोसले राजांच्या वेळेपासून अतिथी म्हणजे—” स्टेशनमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. थंड पेयाच्या साहेबांनीही वाजवल्या. कीर्तना कासावीस होऊन गाडीकडे पाहत होती. गाडी हलली होती.

“काका, सोडा मजला!”

बाकावरून तिने उडी मारली आणि डब्याबरोबर धावू लागली. दारात रंगराव होता. तिने हातमोजा फेकला. त्याने एका हाताने झेलला, गुडघ्यावर ठेवला, कोणाच्या तरी खिशातले पेन ओढून घेतले आणि भराभर काहीतरी लिहिले. फलाट संपत आला होता. हातमोजा बाहेर आला, पण वाऱ्याने भलतीकडेच वळला. कीर्तना हवेत आडवी झाली, पोटाशी धरून धुळीत पडली. उठली तेव्हा कोपर सोलले होते, पण हातमोजा तिच्या हातात होता.

त्यावर देवनागरी अक्षरे होती. तिच्या घरात त्या अक्षरांची पोथी देव्हाऱ्यात असे. त्या अक्षरांना नमस्कार करायची पद्धत होती, वाचायची नव्हती. कीर्तनाने सवयीने हातमोजा कपाळाला लावला.

आणि तिला प्रश्न आठवला.

“पेनल्टीला कोठे पाहायचे?” ती जीव खाऊन ओरडली. “चेंडूकडे की पायाकडे?”

दूर जाणाऱ्या डब्याच्या दारातून रंगराव अर्धा बाहेर आला. त्याने तोंडाभोवती दोन्ही हात धरले. सगळा फलाट गप्प झाला, वेंकटरावसुद्धा.

“पोरी,” आवाज आला, “गच्चीवर माझा टॉवेल ऱ्हायलाय. तेवढा काढून ठेव.”