उताराची बाजू

पोलादपूरच्या पुढे महाबळेश्वरचा रस्ता आंबेनळी घाटाला लागतो, तिथं माझं गॅरेज आहे. पुढं पत्र्याची शेड, मागं घर. आयुष्यभर ट्रक आणि जीपचे गिअरबॉक्स खोलले. मुंबईहून नातू, स्वराज, त्याची वेगाची गाडी घेऊन आला तेव्हा सोबत खोक्यात नवा गिअरसेट होता. कंपनीचे तिरक्या दातांचे गिअर काढून हे सरळ दातांचे बसवायचे होते.

“यानं काय होतं?”

“ताकद सोसतात, आजोबा. फक्त किंचाळतात जरा.”

“तुझ्या आजीसारखे?”

“ऐकते हाय मी,” ठकूबाई आतून म्हणाली.

गिअर बसवताना मी दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावतो. हातानं फिरवलं की दात जिथं टेकतात तिथला शेंदूर निघतो. अक्षरं मी उतारवयात शिकलो, या खुणा कितीतरी आधीपासून वाचतो. दाताला दोन बाजू असतात. इंजिन गाडी ओढतं तेव्हा पुढची घासते. उतारावर गाडी गिअरमध्ये सोडली की पाठची.

मी ओढीच्या दिशेनं फिरवलं. पुढच्या बाजूचा शेंदूर जसाच्या तसा राहिला. पाठची बाजू लख्ख झाली.

पुसून पुन्हा लावला. या वेळी स्वराजला फिरवायला सांगितलं. तेच. पाठच्या बाजूवर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागली, वर्षानुवर्षं घाट उतरल्यासारखी. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं होतं.

“हा परत पाठव.”

“ऐतवारी दोस्त येणार हायत गाडी बघायला. डोळे थकले तुमचे, आजोबा.”

थकलेही असतील. शेंदराचा कण राहू नये म्हणून दात डिझेलनं धुतले, गिअरबॉक्स चढवला, नवं तेल भरलं.

दुपारी तो निघाला. “वर जाऊन येतो. चहा टाक गो आजी.”

गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत राहिला. बारीक, चढत जाणारा, प्रत्येक वळणावर क्षणभर दबणारा. मग थांबला. झाडीत एक पाखरूही बोलत नव्हतं.

थोड्या वेळानं तो परत सुरू झाला. आता उतरणीचा होता, जड, आवरून धरलेला. वळणावळणानं खाली आला. मधेच एका जागी एकदम तुटला, पुन्हा लागला, आणि थेट अंगणात येऊन बंद पडला.

“आला,” म्हणत ठकूबाई कप घेऊन बाहेर आली.

अंगणात कोणी नव्हतं.

गाडी उभी असायची तिथं जमिनीवर तेलाचा डाग होता. मी बोट लावलं. तेल गरम होतं, आणि लाल.

फोन वाजला.

“आजोबा, वर पोचलो. एक नंबर चालते हाय! इथंच टपरीवर हाय, आता उतरतो.”

“गाडी तिथंच ठेव. एसटीनं ये.”

“तुमीच बसवलेत ना गिअर? मग कसली भीती?” तो हसला. फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. त्यानं उचलला नाही.

मी घाटाकडे कान लावून उभा राहिलो. काहीच ऐकू येईना. त्याचं उतरणं आम्ही आधीच ऐकलं होतं.

ठकूबाईनं डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेली आणि स्वराजसाठी काढलेला कप पुसून फळीवर पालथा ठेवला.